नकाशामुद्रण, भोर–वेल्हे परिसरातील

भोर व वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागातील डोंगराळ तालुके. पूर्वी यांतील बराच मुलूख भोर संस्थानात होता. ते ८ मार्च १९४८ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. डोंगरधारा व खोल दऱ्या यांमुळे येथील नकाशात समोच्च रेषा दाट येतात व मुद्रणातील उणीव चटकन उघड होते.

भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ मध्ये झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छायाचित्राच्या साहाय्याने आलेख जस्ताच्या पत्र्यावर उतरविण्याची फोटोझिंकोग्राफी ही पद्धत प्रचारात आली. पुण्याच्या शासकीय फोटोझिंको मुद्रणालयात तीनुसार नकाशे छापले जात. मोठा आलेख लहान करून छापावयाचा असल्यास रेखकास रेषा व अक्षरे आधीच ठळक काढावी लागत.

विभागाच्या १ : ५०,००० प्रमाणाच्या स्थलवर्णनात्मक नकाशांत तोरणा ४७ एफ/११, राजगडाचा बालेकिल्ला ४७ एफ/१२ व भोर शहर ४७ एफ/१६ या पत्रांत येते. म्हणजे शेजारचे दोन गडही एका पत्रात नाहीत. संपूर्ण परिसरासाठी पत्रे जोडावी लागतात.

राष्ट्रीय नकाशा धोरण २००५ मध्ये जाहीर झाले. २०१७ मध्ये ‘नक्शे’ या संकेतस्थळावरून पत्रे विनामूल्य मिळू लागली आणि २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशांच्या वापरावरील निर्बंध सैल केले. तेव्हापासून असा नकाशा संगणकावरील अहवालात किंवा पुस्तिकेत घालणे सर्वांच्या आवाक्यात आले. मात्र पूर्वी रेखक घेत असलेली दक्षता आता अहवाल लिहिणाऱ्यावर येऊन पडली.

एका पत्राची रुंदी सु. ५३ सेंमी. असते. ते १६ सेंमी. रुंदीच्या मजकुरात बसविल्यास प्रमाण सु. १ : १,६५,००० होते; दोन मिमी. उंचीची अक्षरे सु. ०·६ मिमी. उरतात व समोच्च रेषा एकमेकींत मिसळतात. नकाशावर छापलेले १ : ५०,००० हे प्रमाण तसेच राहिल्यास राजगड व तोरणा यांमधील सु. ७ किमी. सरळ अंतर मोजणाऱ्यास सु. २ किमी. भासते. डोंगरात अशी चूक जिवावर बेतू शकते. रेषात्मक प्रमाणपट्टी मात्र नकाशाबरोबरच लहान होत असल्याने खरी राहते.

चांगल्या मुद्रणासाठी नकाशा छापावयाच्या आकारातच तयार करून अनावश्यक तपशील वगळणे इष्ट असते. रेषा व अक्षरे गणिती रूपात साठविणारी धारिका मोठी केली तरी स्पष्ट राहते. चित्रबिंदूंची धारिका वापरल्यास इंचास ३०० बिंदू, म्हणजे १६ सेंमी. रुंदीस सु. १,९०० बिंदू लागतात. पडद्यावरून उचललेल्या चित्रात ते बहुधा पुरेसे नसतात. जेपीईजी प्रकारात अक्षरांच्या कडा अस्पष्ट होतात, पीएनजीत होत नाहीत. शब्दसंस्करणाच्या काही प्रणाली जतन करताना चित्रातील बिंदू कमी करतात; ती सोय आधी बंद करावी लागते.

वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. त्यापूर्वीच्या नकाशांत जुनेच नाव आढळते. म्हणून नकाशाखाली प्रमाणपट्टीप्रमाणेच मूळ पत्राचा क्रमांक व वर्ष देणेही आवश्यक ठरते.