तेल गेलं, तूप गेलं... पण गेलं कुठे?

आज विषय गटाराचा आहे. नाक मुरडू नका मंडळी, इतिहास नेहमी किल्ल्यांवरच घडतो असं नाही, कधीकधी तो मॅनहोलच्या झाकणाखालीही घडतो!

संध्याकाळी बोईसर स्टेशनबाहेर या. शिफ्ट सुटलेली असते, वडापावच्या कढया उकळत असतात, चायनीजच्या गाड्यांवर फोडण्या उडत असतात. पालघरलाही तेच चित्र. आपण खातो, पैसे देतो, लोकल पकडतो. मागे राहतात तेलकट भांडी. ती गरम पाण्याने धुतली की तेल दिसेनासं होतं. दिसेनासं होतं, नाहीसं होत नाही. पुढे गटारात पाणी थंड झालं की ते कडेला थिजतं. त्यातल्या मेदाम्लांची काँक्रीटमधून आणि पाण्यातून येणाऱ्या कॅल्शियमशी गाठ पडली की चक्क एक प्रकारचा साबण तयार होतो, दगडासारखा कडक. मग एके दिवशी गटार चोकअप.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. २०१७ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात चरबीचा असाच एक गोळा सापडला, अडीचशे मीटर लांब आणि १३० टनांचा. तो फोडायला कित्येक आठवडे लागले. २०१८ मध्ये त्याचा एक तुकडा म्युझियममध्ये मांडला आणि लोक तो बघायला रांगा लावून गेले. हौसेला मोल नाही, दुसरं काय!

गंमत म्हणजे यावरचा उपाय सव्वाशे वर्षांहून जुना आहे. १८८४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या नॅथॅनिएल व्हायटिंगने ग्रीस ट्रॅपचं पेटंट घेतलं. तत्त्व शाळेतलंच आहे. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून वाटेत एक टाकी ठेवायची. पाणी तिथे संथ झालं की तेल वर तरंगतं, खरकटं खाली बसतं आणि मधलं पाणी आडव्या फळीखालून पुढे जातं. ना मोटर, ना वीज. अट एकच, टाकी वेळेवर उपसायची. नाहीतर ट्रॅप भरतो आणि तेल सरळ पुढे जातं. म्हणूनच अमेरिकेतल्या अनेक शहरांनी स्थानिक नियम केला की टाकीचा चौथा हिस्सा तेलाने आणि गाळाने भरला की ती साफ करायची आणि त्याची नोंद ठेवायची. शोध एका माणसाने लावला, पण तो चालता ठेवला तो नगरपालिकेच्या वहीने.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला इनपुट व्हॅलिडेशन म्हणतो. कचरा दारातच अडवा, आत शिरल्यावर निस्तरायला शंभरपट खर्च येतो.

आता आपल्याकडचं बघू. कायद्याची आपल्याला कमतरता नाही. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा १९६९ मध्ये केला, म्हणजे केंद्राच्या १९७४ च्या कायद्याच्या पाच वर्षं आधी! १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ आलं. सार्वजनिक गटारात सोडायच्या सांडपाण्यात तेल आणि ग्रीस लिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असं पर्यावरण संरक्षण नियमांत लिहिलेलं आहे. पण हे मोजणार कोण? प्रत्येक वडापाववाल्याकडे बाटली घेऊन कोण जाणार?

याचं उत्तर शोधायला तारापूरचा इतिहास कामाला येतो. १९६९ मध्ये इथे अणुवीज केंद्र सुरू झालं, पुढच्या दशकात एमआयडीसी वाढली. रसायनं, औषधं, कापड, पोलाद, सगळे आले. छोट्या कारखान्याला स्वतःचा पूर्ण प्रक्रिया प्रकल्प परवडत नाही, म्हणून सगळ्यांचा मिळून एक, म्हणजे सीईटीपी. कल्पना उत्तम. प्रत्येकाने आपल्या हद्दीत प्राथमिक प्रक्रिया करायची, उरलेलं सामायिक प्रकल्पाने बघायचं, आणि मग पाणी नवापूरच्या समुद्रात. प्रकल्पाची क्षमता होती रोज अडीच कोटी लिटर. सांडपाणी येऊ लागलं त्याहून जास्त, आणि अनेकांकडून ठरलेल्या दर्जाचं नाही. म्हणजे दारातलं व्हॅलिडेशन गेलं आणि सगळा भार शेवटच्या टोकावर आला.

त्याची किंमत कोणी मोजली? नवापूर, मुरबे, सातपाटीच्या मच्छीमारांनी. ज्या किनाऱ्याचं पापलेट मुंबईकर कौतुकाने खातात, त्याच किनाऱ्यावरच्या लोकांना आपल्या खाडीसाठी भांडावं लागलं. २०१६ मध्ये अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात पहिलं आलं. पहिला नंबर, पण पेढे वाटण्यासारखा नाही. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांवर आणि सीईटीपीवर भरपाईची जबाबदारी टाकली. पण दंड झाला म्हणून गेलेली मासळी परत येत नाही.

कारखाना आणि वडापावची गाडी यांची बरोबरी मी करत नाहीये. विषारी रसायन कुठे आणि पामतेल कुठे! पण रचना तीच आहे: सोडणारे शेकडो, पाइप एक, आणि भोगणारा तिसराच.

गटाराच्या बाबतीत हा तिसरा म्हणजे चोकअप काढायला आत उतरवला जाणारा माणूस. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणूस गटारात उतरवायला बंदी आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. तरीही एप्रिल २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, विरारच्या एका गृहसंकुलाच्या सांडपाणी टाकीत चार कामगार गेले. गटार जितकं कमी तुंबेल, तितकी आत उतरवायची कारणं कमी होतील. ग्रीस ट्रॅपचा खरा हिशोब मला इथे दिसतो.

मग नियम कोणी करायचा? इथे मजा आहे. पालघरला नगरपरिषद आहे, तिला १९६५ च्या कायद्याने उपविधी करता येतात. बोईसरची वस्ती वाढली ती ग्रामपंचायतींच्या हद्दीत. एमआयडीसीत नियोजन एमआयडीसीचं. सांडपाण्याला मात्र हद्द कळत नाही. तेव्हा तिघांनी मिळून तीन ओळींचा एकच नियम करावा: बसून खायच्या प्रत्येक हॉटेलात ट्रॅप, तो उपसल्याची तारीखवार वही, आणि परवाना नूतनीकरणाला ती वही दाखवायची. गाड्यांसाठी एका गल्लीला एक सामायिक ट्रॅप. वह्या ठेवणं अशक्य नाही. एफएसएसएआयने मार्च २०१९ पासून रोज ५० लिटरपेक्षा जास्त तळणीचं तेल वापरणाऱ्यांना नोंदी ठेवायला लावल्याच आहेत. ते वापरलेलं तेल गोळा होऊन त्याचं बायोडिझेल होतं, म्हणजे चार पैसेही सुटतात. ट्रॅपमधला मळकट थर वेगळा, तो उचलण्याची सोय मात्र नगरपरिषदेने आणि पंचायतींनीच लावून द्यायला हवी. ती नसेल तर हॉटेलवाला रात्री तोच थर पुढच्या नाल्यात ओतेल, आणि आपण परत मूळपदावर.

असो. पुढच्या वेळी हॉटेलात बिल देताना मालकाला सहज विचारा, "शेठ, ट्रॅप कधी उपसला होता?" तो आधी दचकेल. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं, तर उपसेल!