उल्हासची जलपर्णी आणि परसातले तळे : एका तणाचा इतिहास



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस तणावर काय बोलणार, असे काहींना वाटत असेल. पण हा प्रश्न मुळात कारणाचा आहे, आणि कारण म्हणजे काय हा आमच्या विषयाचा जुना धंदा.

पावसाळा सरून काही महिने गेले की शहाडच्या पुलावरून उल्हास नदी पाहा. पाण्याच्या जागी हिरवे मैदान दिसते, मध्ये जांभळी फुले. ही जलपर्णी. ज्यांनी परसात किंवा शेतात मासे पाळण्यासाठी तळे केले आहे, त्यांच्याकडेही ती येते. दोन्हीकडे तक्रार एकच : काढली तरी परत येते. का येते?

हिचे माहेर दक्षिण अमेरिकेत, अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात. तिथून ती जगभर गेली ती आपल्या पायांनी नव्हे. माणसांनी तिला फुलांसाठी, बागेतल्या हौदाची शोभा म्हणून नेले. अमेरिकेत ती १८८४ च्या न्यू ऑर्लिन्सच्या प्रदर्शनातून पसरली असे सांगतात. पुढे लुइझियानातल्या नद्या इतक्या तुंबल्या की, १९१० साली तिथल्या एका प्रतिनिधीने आफ्रिकेतून पाणघोडे आणण्याचे विधेयक मांडले. पाणघोडे जलपर्णी खातील आणि लोक पाणघोडे खातील, असा हिशोब! विधेयक मंजूर झाले नाही, हे बरेच झाले.

आपल्याकडे तिने पहिला हाहाकार केला तो बंगालमध्ये. भाताची खाचरे, होड्यांचे कालवे, मासेमारीचे बिल सगळे झाकून गेले. पहिल्या महायुद्धाच्या काळात लोक तिला ‘जर्मन पाना’ म्हणू लागले, म्हणजे शत्रूनेच धाडलेले तण. संकट आले की परका शोधायचा, ही माणसाची जुनी खोड. १९२१ मध्ये सरकारने समिती नेमली आणि अध्यक्ष केले जगदीशचंद्र बोस यांना. त्या वेळी औषध फवारून तण मारावे असा एक पक्ष होता. दुसरा म्हणे, हिच्या राखेत पोटॅश आहे, खत करून विका. फवारणीची अडचण अशी की, वरची पाने करपतात, पण पाण्याखालचे खोड उरले तर पुन्हा फुटते. आणि विकण्याची अडचण त्याहून गमतीची : ज्या वस्तूला भाव आला, ती नष्ट व्हावी असे कुणाला वाटेल?

अखेर १९३६ मध्ये बंगालमध्ये जलपर्णीविरुद्ध कायदा झाला. आपल्या जमिनीत, पाण्यात ती ठेवायची नाही, असे बंधन लोकांवर आले. १९३७ च्या निवडणुकीत पक्षांनी जाहीरनाम्यांत जलपर्णीमुक्तीचे वचन दिले, आणि फजलुल हक सरकारने मोहीमही काढली. पण तण काही गेले नाही. माझ्या शेताची हद्द कागदावर असते. पाण्याला आणि तरंगणाऱ्या रोपाला ती दिसत नाही.

आता आपल्या उल्हासकडे येऊ. कोकणातल्या बहुतेक नद्या उन्हाळ्यात आटतात, ही वाहती राहते. त्याला एक कारण म्हणजे टाटांचे भिवपुरीचे वीजकेंद्र. १९२२ पासून सह्याद्रीवरचे पाणी वीज करून पश्चिमेला उतरते आणि उल्हासला मिळते. बारमाही पाण्यामुळे कारखाने आले, वस्ती आली. फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या छावणीचे १९४९ मध्ये उल्हासनगर झाले. पुढे अंबरनाथ, बदलापूर वाढले. मोहन्याला बंधारा आहे, पाणी उचलणारी केंद्रे आहेत. ठाणे-भिवंडीला पाणी देणाऱ्या ‘स्टेम’ या नावातच शहाड आणि टेमघर आहेत. म्हणजे ही लाखो लोकांची पिण्याची नदी, आणि याच नदीत शहरांचे सांडपाणीही उतरते. उल्हासनगरचा खेमाणी नाला याच पट्ट्यात नदीला मिळतो. तो वळवण्यासाठी योजना करावी लागली.

बंधाऱ्यामागे संथ पाणी, त्यात सांडपाण्यातले नत्र आणि स्फुरद. जलपर्णीला आणखी काय हवे? पावसाळ्याचा पूर तिला खाडीत लोटतो, खारे पाणी तिला मानवत नाही, ती मरते. आपण म्हणतो, गेली. पण काठाला चार रोपे उरतात आणि बी चिखलात कितीतरी वर्षे जिवंत राहते.

इथे न्यायदर्शनातला एक भेद कामाला येतो. मडक्याचे समवायी कारण माती, आणि कुंभार हे निमित्त कारण. जलपर्णीच्या गालिच्याला रोप हे निमित्त. हवा आणि ऊन तर सगळीकडेच आहे. तिचा देह भराभर वाढतो तो पाण्यातल्या नत्र-स्फुरदाने, म्हणजे माती ती. आपण दरवर्षी कुंभाराला हाकलतो आणि मातीचा ढीग तसाच ठेवतो. बंगळुरूच्या परिसरात १९८० च्या दशकात जलपर्णी खाणारे परदेशी भुंगे सोडले, काही तळ्यांत त्यांनी चांगले कामही केले. पण सांडपाणी भरपूर असेल तिथे भुंगा खातो त्याहून वेगाने ती वाढते.

म्हणून मी परसातल्या तळ्याला फार महत्त्व देतो. तिथे निमित्त आणि माती, दोन्ही एकाच माणसाच्या हातात असतात. अनुकूल हवेत ही वनस्पती दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. तळ्याचा शंभरावा भाग झाकला असेल, तर सात दुपटींत, म्हणजे साधारण साडेतीन महिन्यांत, तळे भरते. आणि अर्धे तळे मोकळे दिसते तेव्हा हातात दोनच आठवडे उरलेले असतात! म्हणून पहिले रोप दिसले की त्याच दिवशी मुळासकट काढा. पाणी आत येते तिथे जाळी लावा. मोरीचे पाणी, शेणखताचा निचरा तळ्यात येऊ देऊ नका, माशांना उरेल इतके खाद्य टाकू नका.

तळे भरलेच असेल, तर दोर किंवा बांबूने तण एका काठाला ओढून टप्प्याटप्प्याने काढा. औषधाने सगळे एकदम मारले, तर ते बुडून कुजते, कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडतात. काढलेला ढीग काठावर सोडू नका, पावसात त्यातला रस पुन्हा पाण्यात उतरतो. गवत्या मासा टिकलीएवढे बारीक तरंगते तण आवडीने खातो, पण जलपर्णीसाठी त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

उल्हासला असा एक मालक नाही. वरच्या शहराने सोडलेले पाणी खालचे शहर उचलते, आणि दोघांची पालिका वेगळी. तण काढण्याची यंत्रे हवीतच, पण नाल्याच्या तोंडाशी पाणी शुद्ध होत नाही तोवर तो खर्च दरवर्षीचा. तेव्हा पुढच्या वर्षी पुलावरून हिरवे मैदान दिसले, तर ‘ही कुठून आली’ याबरोबर ‘हिला कोण जेवू घालतो’ हेही विचारा. त्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच मोरीपाशी सुरू होते.