१९६६ ची एक रोडट्रिप आणि ‘हे पहिल्यांदा कोणी केलं?’ हा प्रश्न

पेटची परीक्षा झाली, आता मुलाखत आणि त्याआधी सिनॉप्सिस, अशा टप्प्यावर तुमच्यापैकी बरेच जण असतील. जवळपास प्रत्येक सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास असतं : ‘या विषयावर यापूर्वी काम झालेलं नाही.’ समितीतले सरही हमखास विचारतात, ‘कशावरून?’ आणि मग आपण गडबडतो.

हा प्रश्न नीट समजून घ्यायला आज मी प्रयोगशाळेतलं उदाहरण घेणार नाहीये. सुट्टीतल्या एका छंदाचा इतिहास सांगणार आहे. पॅराग्लायडिंग आणि त्याचं इंजिनवालं भावंड, पॅरामोटर. कामशेतला पवना धरणाच्या बाजूने जाताना डोंगरावरून सुटलेले रंगीबेरंगी पंख तुम्ही पाहिले असतील. हा खेळ सुरू कोणी केला, असं विचारलं तर एक नाव मिळत नाही. चार-पाच मिळतात, आणि गंमत म्हणजे ती सगळी बरोबर आहेत.

पाच तारखा, पाच ‘पहिले’

१९५४ : वॉल्टर न्यूमार्क यांनी ‘फ्लाइट’ या ब्रिटिश नियतकालिकात एक भाकीत केलं. पुढे कधीतरी माणूस कड्यावरून किंवा उतारावरून नुसता धावत जाऊन हवेत झेपावेल, असं त्यांनी लिहिलं. उपकरण नव्हतं, कल्पना मात्र होती.

१९६४ : डोमिना जॅल्बर्ट यांनी ‘पॅराफॉइल’साठी पेटंटचा अर्ज केला. कापडाचे दोन थर, मधे कप्पे, पुढची कड उघडी आणि मागची बंद. पुढे सरकताना हवा आत शिरते आणि कापड फुगून विमानाच्या पंखाचा आकार घेतं. काठी नाही, सांगाडा नाही. आजच्या पॅराग्लायडरच्या पंखाचं मूळ तत्त्व हेच.

१९६५ : डेव्हिड बॅरिश यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या हंटर माउंटन या स्कीच्या डोंगरावर ‘सेलविंग’ नावाचा स्वतःचा पंख घेऊन उतारावरून उड्डाणं केली.

१९७८ : फ्रान्समधल्या म्यूसी या आल्प्सच्या गावात झाँ-क्लोद बेताँ, आंद्रे बोन आणि जेरार बोसाँ या तिघांनी चौकोनी पॅराशूट घेऊन डोंगरउतारावरून उड्डाणांचा प्रयोग केला.

१९८० : इंग्लंडमधल्या माइक बर्न यांनी ‘पॅरामोटर’ हा शब्द पहिल्यांदा वापरला.

आता सांगा, जनक कोण? कल्पना मोजली तर न्यूमार्क. पंखाची रचना मोजली तर जॅल्बर्ट. डोंगरावरून प्रत्यक्ष उड्डाण मोजलं तर बॅरिश. खेळ म्हणून सुरुवात मोजली तर म्यूसीचे तिघं. म्हणजे ‘पहिला कोण’ याचं उत्तर तुम्ही काय मोजताय यावर ठरतं. तुमच्या सिनॉप्सिसमधलं ‘यापूर्वी काम झालेलं नाही’ हे वाक्यही तसंच आहे. कुठलं काम? पद्धत नवी, नमुना नवा, प्रदेश नवा की प्रश्नच नवा? हे सांगितलं नाही तर त्या वाक्याला अर्थ राहत नाही.

उन्हाळ्यात रिकाम्या पडणाऱ्या लिफ्ट

या यादीतलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते बॅरिश यांचं प्रकरण, कारण ते ‘अपयशी’ आहे.

सेलविंग मुळात खेळासाठी बनलाच नव्हता. १९६० च्या दशकात अमेरिकेपुढे एक व्यावहारिक प्रश्न होता : अंतराळातून परत येणारी कुपी खाली कशी उतरवायची? गोल पॅराशूट तिला फक्त सावकाश खाली आणतं, हवी तिथे नेत नाही. म्हणून वळवता येईल असा कापडी पंख शोधणं चालू होतं. फ्रान्सिस रोगॅलो यांचा त्रिकोणी पंख जेमिनी यानांसाठी तपासला गेला, पण १९६४ मध्ये तो बेत सोडून दिला गेला. जेमिनी आणि अपोलो, दोन्ही याने शेवटी पॅराशूटनेच समुद्रात उतरली. बॅरिश यांचा सेलविंगही याच शोधातून आलेला.

तर १९६५ च्या सप्टेंबरमध्ये बॅरिश हा पंख तपासायला डोंगरावर गेले. विमानातून उडी मारून चाचणी घेण्यापेक्षा उतारावरून धावणं सोपं आणि स्वस्त. जमिनीपासून फार वर जायचं नाही, उताराला लागून तरंगत खाली यायचं. याला त्यांनी ‘स्लोप सोअरिंग’ म्हटलं. चाचणी घेता घेता लक्षात आलं की हे भारी मजेचं आहे.

मग १९६६ च्या उन्हाळ्यात रोडट्रिप निघाली. पूर्वेकडच्या व्हरमाँटपासून पश्चिमेच्या कॅलिफोर्नियापर्यंत, एकामागून एक स्की-केंद्रं. प्रत्येक ठिकाणी प्रात्यक्षिक. स्की-केंद्रंच का, तर त्यामागे हिशोब होता. तिथे गवताळ, झाडं काढलेले उतार तयार असतात, वर जायला खुर्च्यांच्या लिफ्ट असतात, आणि बर्फ वितळला की हे सगळं महिनोन् महिने रिकामं पडून राहतं. त्या रिकाम्या हंगामात लोकांना उडायला बोलवा, असा बॅरिश यांचा प्रस्ताव होता. शिवाय सामान बघा : घडी घालून पिशवीत भरता येणारं कापड आणि दोऱ्या. नेहमीच्या ग्लायडरला मागे ट्रेलर लागतो. हे गाडीच्या डिकीत मावतं!

यंत्र होतं, जागा होती, धंद्याचं गणितही होतं. तरीही काही झालं नाही. खेळ रुजला नाही.

का थांबलं?

इथे इतिहासाचा विद्यार्थी आणि विज्ञानाचा विद्यार्थी, दोघांनी एकत्र बसावं असं मला वाटतं. मी विज्ञानाकडून आलेय, तर आधी भूमिती.

समजा एखादा पंख १ मीटर खाली येताना ३ मीटर पुढे जातो. याला ग्लाइड रेशो ३ म्हणतात. असा पंख साधारण १८ अंशांच्या कोनात खाली येतो. डोंगराचा उतार यापेक्षा कमी असेल तर तुम्ही हवेत राहूच शकत नाही, जमीनच वर येऊन पायाला लागते. म्हणजे चांगला तीव्र उतार हवा, तोही सलग. आज नवशिक्यांच्या पंखाचाही ग्लाइड रेशो ८ च्या आसपास असतो, त्याला ७-८ अंशांचा उतारही पुरतो. पंख सुधारला की उडण्याजोगे डोंगर आपोआप वाढतात. १९६० च्या दशकात ते कमी होते आणि उड्डाणं छोटी होती.

पण नुसती भूमिती पुरत नाही. बॅरिश यांच्याकडे एक पंख होता आणि एक गाडी. प्रात्यक्षिक बघून कोणाला हौस आली, तर त्याने पंख कुठून आणायचा? शिकवणार कोण? पडला-झडला तर नियम कुठले? पुढच्या काही वर्षांत हँग ग्लायडिंगची लाट आली आणि ‘डोंगरावरून उडणं’ ही जागा तिने व्यापली. तिचं मूळही एका छंदात होतं. १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ग्राफ्टन गावी जॅकरँडा महोत्सवासाठी जॉन डिकेन्सन यांनी वॉटर-स्कीइंगच्या कसरतीकरता रोगॅलोच्या पंखावर आधारलेलं एक साधन बनवलं होतं. अंतराळ कार्यक्रमासाठी तपासलेली वस्तू नदीवरच्या जत्रेत उपयोगी पडली!

म्यूसीत काय वेगळं होतं?

१९७८ चे तिघं स्कायडायव्हर होते. विमानाचं भाडं न भरता उडीचा सराव करता यावा, एवढीच त्यांची गरज. तोवर जॅल्बर्टच्या तत्त्वावरची चौकोनी पॅराशूट स्कायडायव्हिंग क्लबांमध्ये सर्रास मिळू लागली होती. म्हणजे साधन कपाटात आधीच पडलेलं होतं. आल्प्समध्ये तीव्र उतार घरामागेच. बेताँ यांनी सुरुवातीला जेमतेम १०० मीटर झेप घेतली. बोन मात्र सुमारे १००० मीटर खाली दरीतल्या फुटबॉलच्या मैदानावर जाऊन उतरले. गावात क्लब उभा राहिला, पुढे शिकवणं सुरू झालं, गिर्यारोहकांना ‘चढून जा आणि उडत खाली या’ ही कल्पना आवडली. फ्रेंचमध्ये उताराला ‘पाँत’ म्हणतात, त्यावरून खेळाचं नावही पडलं : ‘पारापाँत’. १९८९ मध्ये ऑस्ट्रियातल्या कोसेन इथे पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. ११ वर्षांत सराव ते जागतिक स्पर्धा!

आणि आता खरी गोष्ट. या तिघांना कल्पना कुठून मिळाली? डॅन पॉइंटर या अमेरिकन पॅराशूट-लेखकाच्या मॅन्युअलमधल्या ‘स्लोप सोअरिंग’वरच्या मजकुरातून, असं या खेळाच्या इतिहासात सांगितलं जातं. स्लोप सोअरिंग म्हणजे तेच, जे बॅरिश गावोगाव दाखवत फिरले होते. म्हणजे ती रोडट्रिप पूर्ण वाया गेली नव्हती. तिचा एक मजकूर उरला, तो छापला गेला आणि समुद्र ओलांडून योग्य माणसांच्या हातात पडला.

डोंगर नसेल तर?

पॅरामोटरची कथा इथून पुढची. पाठीवर छोटं टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन, मागे पंखा, त्याभोवती जाळीचा पिंजरा, वर तोच कापडी पंख. बर्न यांनी १९८० मध्ये शब्द दिला, पण १९८६ च्या सुमारास फ्रान्समध्ये नव्या पॅराग्लायडर पंखांना इंजिन जोडलं जाऊ लागलं तेव्हा हा प्रकार पसरला. चांगले पंख येईपर्यंत इंजिनाला वाट पाहावी लागली. इंजिनाने डोंगराची अट काढून टाकली. सपाट शेत, समुद्रकिनारा, माळरान, काहीही चालतं. म्हणूनच आज उन्हाळ्यात गाडीत इंजिन आणि पंख टाकून, वाटेत मोकळी जागा दिसली की उडायचं, अशा भटकंतीचा हा खेळ झालाय. बॅरिश यांना स्की-केंद्रांचे मालक पटवावे लागत होते, या मंडळींना कोणालाच पटवावं लागत नाही. अर्थात, परवानगी लागते! मुंबई पोलिसांच्या बंदी आदेशांत ड्रोनच्या शेजारी ‘पॅरामोटर’ आणि ‘पॅराग्लायडर’ हे शब्द दिसतात. एखादा छंद पुरेसा रुजलाय याचा हाही एक पुरावा : सरकारी कागदाने त्याची दखल घेतली.

आपल्याकडचा ‘पहिला’

मराठी वाचकाला इथे शिवकर बापूजी तळपदे आठवणारच. १८९५ मध्ये चौपाटीवर त्यांनी विमान उडवलं, राइट बंधूंच्याही आधी, हा दावा आपण शाळेपासून ऐकतो. अशा दाव्याला दोन प्रश्न विचारा. एक, त्या काळातला भक्कम पुरावा आहे का? तळपदे यांच्या उड्डाणाबाबत तो नाही. दोन, त्यानंतर कोणाच्या कामात त्याची खूण दिसते का? तीही दिसत नाही. बॅरिश यांच्याबाबतीत पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आहे आणि दुसऱ्याचं ‘थोडी, पण आहे’. दोन्ही प्रकरणं ‘विसरला गेलेला जनक’ म्हणून एकाच रांगेत बसवली, तर बॅरिश यांच्यावरच अन्याय होतो.

मग सिनॉप्सिसमध्ये काय करायचं?

‘यापूर्वी काम झालेलं नाही’ लिहायच्या आधी तीन गोष्टी करून बघा.

पहिली, आधीच्या कामाला वेगळं नाव होतं का ते शोधा. ‘पॅराग्लायडिंग’ हा शब्द टाकून १९६६ ची रोडट्रिप सापडणार नाही. ती ‘स्लोप सोअरिंग’च्या खाली आहे. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये आपण आजचे कीवर्ड टाकतो आणि जुनं काम अदृश्य होतं.

दुसरी, तारखा वेगळ्या काढा. पेटंटचा अर्ज केव्हा, मंजुरी केव्हा, प्रत्यक्ष वापर केव्हा, प्रसार केव्हा. जॅल्बर्टचा अर्ज १९६४ चा, मंजुरी १९६६ ची, आणि त्या तत्त्वावर डोंगरावरचा खेळ उभा राहिला १९७८ नंतर. यातली एकच तारीख दिली तर वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

तिसरी, आधीचं काम सापडलं तर घाबरू नका. ‘अरे, हे तर झालंय’ म्हणून विषय टाकून देणारे खूप जण मी पाहिलेत. उलट विचारा, ते तिथेच का थांबलं? साधन नव्हतं, शिकवणारं कोणी नव्हतं, की काळ जुळला नाही? आज त्यातलं काय बदललंय? या प्रश्नाचं उत्तर एका परिच्छेदात लिहिता आलं, तर तोच तुमचा रिसर्च गॅप. समितीच्या ‘कशावरून?’ला दाखवायला मग तुमच्याकडे काहीतरी हातात असेल.

आणि शेवटचं. बॅरिश २००९ मध्ये वारले. तोवर जगभर लोक डोंगरावरून उडत होते, त्यातल्या बहुतेकांना त्यांचं नाव ठाऊक नव्हतं. तरी त्यांच्या प्रयोगाची वाट पुढे गेली, कारण तो कोणीतरी व्यवस्थित लिहून ठेवला होता. तुमचा प्रयोग फसला, विषय अर्धवट राहिला, तरी नोंदवहीत काय केलं ते नीट लिहा. पुढचं काम कोण, कुठे बसून करेल ते आपल्याला आधी कळत नाही. त्याच्या हातात पडेल असं काहीतरी मागे राहायला हवं, एवढं आपल्या हातात आहे.

तुमच्या विषयातलं असं एखादं ‘थांबलेलं काम’ या आठवड्यात शोधून काढा. सापडेल, नक्की सापडेल.