गर्भिणीपरिचर्या : ग्रंथ आणि व्यवहार

आयुर्वेदाच्या प्राचीन संहितांत गर्भिणीच्या परिचर्येविषयी जे विवेचन आले आहे, त्याकडे आजवर बहुधा दोन दृष्टींनी पाहण्यात आले आहे. एक पक्ष त्यात अर्वाचीन प्रसूतिशास्त्राची सारी बीजे शोधतो. दुसरा ते सर्व टाकाऊ समजून पुढे जातो. आम्हांस या दोहोंपैकी कोणाचीच वकिली करावयाची नाही. ग्रंथांत काय लिहिले होते, आणि त्यातले आपल्या समाजाने काय उचलले व काय टाकले, हा इतिहासाचा प्रश्न होय, व तेवढ्याचाच विचार येथे कर्तव्य आहे. चरकाच्या शारीरस्थानाचा आठवा अध्याय, सुश्रुताच्या शारीरस्थानाचे दुसरा, तिसरा व दहावा हे अध्याय आणि वाग्भटाचे अष्टांगहृदय हे आमचे मुख्य आधार. चरक व सुश्रुत यांचे पाठ यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संशोधिलेल्या निर्णयसागर प्रतींवरून घेतले आहेत.

चरकाने गर्भिणीचा आहार महिनेवार लावून दिला आहे. पहिल्या महिन्यात औषधावाचून नुसते थंड दूध, झेपेल तेवढे, दुसऱ्यात मधुर औषधींनी सिद्ध केलेले दूध, तिसऱ्यात मध व तूप घातलेले दूध, चौथ्यात दुधावरचे लोणी, तेही अक्षप्रमाण, म्हणजे अदमासे एक तोळा, पाचव्यात तूप, सहाव्या व सातव्यात औषधिसिद्ध तूप, आठव्यात दुधात शिजविलेली पेज, आणि नवव्यात तेलाची अनुवासन बस्ती व प्रसवमार्ग मृदू व्हावा म्हणून तेलाचा पिचू. सुश्रुताचा क्रम थोडा निराळा आहे. सहाव्या महिन्यात तो गोखरूने सिद्ध केलेले तूप किंवा पेज सांगतो. गोखरू मूत्रल आहे आणि गर्भिणीच्या पायांवर सूज पुढील महिन्यांतच येऊ लागते, हे ज्यांस ठाऊक आहे त्यांस ही योजना सहेतुक वाटल्यास नवल नाही. काठोकाठ भरलेले तेलाचे भांडे हिंदकळू न देता न्यावे तसे गर्भिणीस जपावे, ही चरकाची उपमा तर प्रसिद्धच आहे.

परंतु आम्हांस या अध्यायातील सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो आहाराचा नव्हे, वादाचा. सातव्या महिन्यात पोटावर दाह व खाज सुटते. गर्भास केस फुटतात म्हणून असे होते, असे बायका म्हणतात, हे चरक प्रथम नमूद करतो. मग भगवान आत्रेयांचे मत देतो की ते तसे नाही. गर्भाच्या दाबाने दोष वर सरकून उरात दाह उत्पन्न करतात, त्यातून खाज, आणि खाजेतून त्वचेवर रेषा पडतात. उपचार बोराच्या काढ्याने सिद्ध केलेल्या लोण्याचा. दोषांची भाषा आज आपण स्वीकारू न स्वीकारू, पण वाढत्या गर्भाचा दाब हे कारण केसांच्या कारणाहून कितीतरी श्रेष्ठ आहे हे कोणीही मान्य करील. पुढे आठव्या महिन्यातील पेजेवर भद्रकाप्य आक्षेप घेतो की तिने गर्भाचे डोळे पिंगट होतील. आत्रेय म्हणतात, होवोत, तरीही पेज द्यावी, कारण ती निरोगी राहिली तर बल, वर्ण व स्वर यांनी युक्त असे अपत्य तिला होईल. रूपापेक्षा आरोग्य थोर, हा निवाडा येथे स्पष्ट आहे. दूरचा एक पुसट दोष टाळण्यासाठी आईच्या अन्नात कपात करू नये, ही बुद्धी पुढे कित्येक घरांत हरपली. ‘मूल मोठे होईल, बाळंतपण अवघड जाईल’ म्हणून गरोदर बाईच्या ताटातला घास कमी करणारी सासू महाराष्ट्रात अपरिचित नाही.

सुश्रुत चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते असे सांगतो, आणि म्हणून त्या स्त्रीस दोन हृदयांची म्हणतो. आपला ‘डोहाळे’ हा शब्द याच कुळातला आहे. आठव्या महिन्यात ओज अस्थिर असते, तेव्हा जन्मलेले मूल जगत नाही, ही समजूत दोन्ही संहितांत आहे. ग्रीक वैद्यांतही ती होती, आणि हिपोक्रॅटिसाच्या नावावर चालणाऱ्या ग्रंथांत आठमाही मुलावर स्वतंत्र प्रकरण आहे. ती समजूत खरी नाही. गर्भ उदरात जितके अधिक आठवडे राहील तितकी त्याची जगण्याची शक्यता वाढते, हे आता निर्विवाद आहे. तथापि सातव्यापेक्षा आठवा वाईट, असे सांगणारी माणसे आजही भेटतात. ग्रंथातली चूक मात्र लोकांनी इमानाने जपली!

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. सुश्रुताने शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात सांगितले आहे की सोळा वर्षांहून लहान स्त्रीच्या ठायी पंचवीस वर्षांहून लहान पुरुषाने गर्भ ठेवला तर तो उदरातच नाश पावतो; जन्मलाच तर फार काळ जगत नाही, किंवा जगला तर दुर्बळ इंद्रियांचा होतो; म्हणून अत्यंत बाल स्त्रीच्या ठायी गर्भाधान करू नये. याच्या लगतच्या आधीच्या वाक्यात मात्र पंचवीस वर्षांच्या पुरुषास बारा वर्षांची पत्नी आणावी, असे म्हटले आहे. या दोहोंत विरोध आहे असे दाखवून सोळाच्या वचनाविषयी संशय घेता येईल. आमच्या मते संशयास जागा नाही. पहिले वाक्य विवाहाचे आहे, दुसरे गर्भाधानाचे. आणि सुश्रुताच्याच सूत्रस्थानात पुरुष पंचविसाव्या व स्त्री सोळाव्या वर्षी परिपक्व होते असे स्वतंत्रपणे आले आहे. शिवाय वाग्भट पुरुषाचे वय वीस धरतो, परंतु स्त्रीचे पूर्ण सोळाच. पुरुषाच्या वयाविषयी दोन ग्रंथकारांत मतभेद आणि स्त्रीच्या वयाविषयी एकवाक्यता, ही गोष्ट सोळा हा आकडा वैद्यकपरंपरेत दृढ होता याचे बलवत्तर प्रमाण आहे.

मग व्यवहारात काय घडले? व्यवहार वैद्यांकडून चालला नाही, स्मृतींकडून चालला. ऋतुस्नात भार्येपाशी असूनही जो जात नाही त्यास भ्रूणहत्येचे पातक लागते, असे पराशरस्मृती सांगते. वैद्याच्या मते कोवळ्या वयातील समागमाने गर्भ मरतो. स्मृतीच्या मते समागम टाळणे हीच भ्रूणहत्या. एकाच समाजाच्या दोन शास्त्रांनी एकाच शब्दाच्या अशा उलट बाजू धराव्यात, याहून विलक्षण विरोध आम्हांस तरी दुसरा आढळलेला नाही. न्हाण आलेल्या मुलीचे गर्भाधान लांबविणे घरोघर पाप ठरले, आणि सुश्रुताचे वचन पोथीतच राहिले.

त्याचे फळ कोणास भोगावे लागले हे आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रावरून कळते. १८६५ साली जन्म, नवव्या वर्षी विवाह, चौदाव्या वर्षी पुत्रप्राप्ती. तो पुत्र दहा दिवसांत गेला. वैद्यकीय साहाय्य मिळाले नाही हे त्यांच्या मनास लागले, आणि तेथूनच वैद्यक शिकण्याचा निश्चय झाला. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांस मिळाली. पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधाचा विषय ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ हा होता. सोळाच्या आत गर्भ धारण करू नये असे ज्या परंपरेचे ग्रंथ सांगतात, तिच्यावर प्रबंध लिहिणारी विदुषी स्वतः चौदाव्या वर्षी माता झालेली होती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, पुण्यात त्यांचे देहावसान झाले.

चार वर्षांनी संमतिवयाचा वाद पेटला. सुधारकपक्षाने सुश्रुत पुढे केला. प्रतिपक्षाने गर्भाधानसंस्काराचा काळ चुकतो म्हणून धर्मलोपाची हाकाटी केली. मार्च १८९१ मध्ये कायदा झाला आणि संमतीचे वय दहाचे बारा झाले. दोन्ही पक्ष संस्कृत वचनांनीच लढले, आणि जे ठरले ते सुश्रुताच्या मर्यादेहून चार वर्षांनी कमी. मुलीच्या विवाहाचे वय कायद्याने १९२९ साली चौदा, १९४९ साली पंधरा व १९७८ साली अठरा झाले. म्हणजे सोळाचा आकडा विवाहाच्या कायद्याने ओलांडण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

जे वचन गैरसोयीचे ते असे मागे पडले. जे सोयीचे, ते मात्र कोणी विसरले नाही. पुत्रेच्छू स्त्रीच्या उजव्या नाकपुडीत लक्ष्मणा, वडाचे कोंब इत्यादींचा दुधात वाटलेला रस तीन-चार थेंब घालावा, हे सुश्रुतोक्त पुंसवन. आणि उजव्या स्तनात आधी दूध येणे, उजवा डोळा मोठा दिसणे, चालताना उजवी मांडी आधी उचलणे ही पुत्राची लक्षणे. यात काडीचे तथ्य नाही. उजवे-डावे पाहून मुलगा-मुलगी सांगणाऱ्या आजीबाई मात्र गावोगाव होत्या. याउलट सुश्रुताच्या निदानस्थानातील मृतगर्भाची लक्षणे, म्हणजे गर्भाचे स्पंदन थांबणे, वेणा नाहीशा होणे, वर्ण काळवंडून फिका पडणे, श्वासास दुर्गंधी येणे, ही खऱ्या निरीक्षणाची आहेत. बाळ हलते की नाही, हा प्रश्न प्रसूतितज्ज्ञ गर्भिणीस आजही विचारतात.

हालचालीच्या पलीकडे गर्भाची वार्ता कळण्यास मात्र युरोपातील एकोणिसावे शतक यावे लागले. जिनीव्हाच्या मेयरने १८१८ साली गर्भाच्या हृदयाचे ठोके ऐकले, आणि १८२१ च्या डिसेंबरात केर्गारादेकने पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे त्यावर निबंध वाचला. १८९५ साली पिनारने आपल्या नावाची नळी प्रचारात आणली. १९५८ साली ग्लासगोच्या इयन डोनाल्डने ध्वनिलहरींनी उदरातील चित्र काढण्याची रीत प्रसिद्ध केली. गर्भजल काढून गर्भाचे व्यंग तपासण्याची विद्याही त्याच काळातली. गर्भिणीचे व गर्भाचे प्राण वाचविण्यास ही साधने अमोल आहेत. परंतु आपल्याकडे ती आली, आणि १९८० नंतरच्या दशकात मुंबईसारख्या शहरी गर्भजलतपासणीचा उपयोग मुलगी ओळखून गर्भ पाडण्याकडे होऊ लागला. सुश्रुताची खोटी लक्षणे ज्या हौसेने जपली गेली, त्याच हौसेने खरे यंत्र हाती घेतले गेले.

याविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने केला, तो १९८८ साली. मध्यवर्ती कायदा १९९४ चा, आणि २००३ साली त्याची व्याप्ती गर्भधारणेपूर्वीच्या लिंगनिवडीपर्यंत वाढविण्यात आली. दरम्यान महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ च्या खानेसुमारीत ९४६, २००१ मध्ये ९१३ व २०११ मध्ये ८९४ अशी उतरत गेली. गर्भाचे लिंग शब्दाने, खुणेने वा अन्य कोणत्याही रीतीने सांगण्यास या कायद्याने मनाई आहे, आणि तशा अर्थाचा फलक प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात इंग्रजीत व स्थानिक भाषेत, दिसेल अशा जागी लावावा लागतो.