पुस्तकाचे वय कागदाला विचारा

एखादे पुस्तक केव्हा छापले हे कसे ओळखाल, असे वर्गात विचारले तर मुले पुस्तक उघडतात आणि पहिल्या-दुसऱ्या पानावरचे साल वाचून दाखवतात. आपणही 'बरोबर' म्हणून पुढे जातो. पण पानावर छापलेले साल हे छापणाऱ्याने केलेले विधान असते. ते खरे आहे की नाही हे पडताळून पाहायचे झाले तर काय करायचे? ज्याने साल छापले त्यालाच विचारून काही उपयोग नाही. मग विचारायचे कोणाला?

इंग्लंडमधल्या दोन तरुण पुस्तकविक्रेत्यांनी हा प्रश्न कागदाला, शाईत बुडणाऱ्या खिळ्यांना आणि जुन्या लिलावांच्या याद्यांना विचारला. त्यातून १९३४ साली जे बाहेर आले, त्याने ग्रंथसंग्राहकांच्या जगातला सर्वांत मोठा मानकरी उघडा पडला. ही हकीकत साहित्याच्या इतिहासातली असली तरी तिच्यात वापरलेली रीत थेट विज्ञानाची आहे.

पहिल्या आवृत्तीचे मोल

महाराणी व्हिक्टोरियाच्या काळात, म्हणजे १८३७ ते १९०१ या वर्षांत, इंग्लंडमध्ये पुस्तकांचे प्रचंड उत्पादन झाले. डिकन्सची 'पिकविक पेपर्स' ही कादंबरी १८३६-३७ मध्ये दरमहा एक शिलिंग किमतीच्या सुट्या भागांत निघाली. कादंबरी संपली की वाचक ते भाग शिवून घेत. शिवताना कागदी वेष्टने आणि जाहिरातींची पाने टाकून दिली जात. त्यामुळे मूळ वेष्टनांसह सगळे भाग असलेला संच पुढे दुर्मीळ झाला. इतर बऱ्याच कादंबऱ्या तीन खंडांत निघत. त्यांची किंमत साडेएकतीस शिलिंग, म्हणजे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची. लोक त्या मुडीच्या ग्रंथालयासारख्या वर्गणी घेणाऱ्या ग्रंथालयांतून आणून वाचत आणि वाचून वाचून त्यांच्या चिंध्या होत. 'ॲलिस इन वंडरलँड'ची गोष्ट आणखी वेगळी. १८६५ साली छापलेली पहिली आवृत्ती चित्रकार टेनिएल याला छपाई न आवडल्यामुळे मागे घेतली गेली. तिच्या जेमतेम विशीच्या आसपास प्रती आज माहीत आहेत.

पहिली आवृत्ती हवी असण्याला नुसत्या हौसेपलीकडेही कारण आहे. लेखक पुढच्या आवृत्त्यांत शब्द बदलतो, ओळी गाळतो, छापखाना नव्या चुका घालतो. लेखकाने आधी काय लिहिले होते हे पाहायचे तर पहिल्या छापील प्रतीपर्यंत जावे लागते. अभ्यासकाला ती पुरावा म्हणून हवी असते आणि संग्राहकाला ठेवा म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हयात किंवा नुकत्याच वारलेल्या लेखकांच्या पहिल्या आवृत्त्या जमवण्याची लाट आली आणि किमती चढू लागल्या.

तेलाच्या पेढीतला ग्रंथपंडित

टॉमस जेम्स वाइज हा १८५९ साली जन्मलेला माणूस लंडनमधल्या सुगंधी तेलांच्या एका पेढीत नोकरीला होता. विद्यापीठाचे शिक्षण नव्हते, घरचा पैसा नव्हता. पण पुस्तकांची जाण विलक्षण होती. पगारातून त्याने पुस्तके जमवायला सुरुवात केली आणि पुढे तो श्रीमंत संग्राहकांना पुस्तके मिळवून देऊ लागला. ब्राउनिंग, टेनिसन, स्विनबर्न अशा लेखकांच्या ग्रंथांच्या तपशीलवार सूची त्याने तयार केल्या. कोणते पुस्तक केव्हा निघाले, त्याची पाने किती, खरी प्रत कशी ओळखायची, यात त्याचा शब्द अखेरचा मानला जाई. १९२२ ते १९२४ या काळात तो लंडनच्या ग्रंथसूची संस्थेचा अध्यक्ष होता. ऑक्सफर्डने त्याला सन्मानाची पदवी दिली. त्याच्या घरचा 'ॲश्ले' संग्रह पाहायला देशोदेशीचे विद्वान येत.

त्याच्या सूचींमध्ये काही छोट्या पुस्तिका होत्या. एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगची सुनीते सर्वांना माहीत होती ती १८५० सालच्या तिच्या कवितासंग्रहातून. पण १८९०च्या दशकात एक पातळ पुस्तिका पुढे आली. तिच्यावर 'रेडिंग, १८४७, प्रकाशनासाठी नव्हे' असे छापलेले होते. म्हणजे ही सुनीते तीन वर्षे आधीच खाजगीत छापली गेली होती तर! पिसा इथे एलिझाबेथने ती नवऱ्याच्या खिशात हळूच सरकवली आणि मग रेडिंगला राहणाऱ्या एका मैत्रिणीकडे छापायला पाठवली, अशी गोड कथाही एडमंड गॉस या नामवंत समीक्षकाने १८९४ साली लिहिली. अशाच पुस्तिका टेनिसन, डिकन्स, थॅकरे, जॉर्ज इलियट, रस्किन, स्विनबर्न यांच्या नावावरही होत्या. संग्राहक त्यांना भरपूर पैसे मोजत होते.

यातली चलाखी लक्षात घ्या. एखाद्या प्रसिद्ध पुस्तकाची नक्कल केली तर अस्सल प्रत शेजारी ठेवून कोणीही फरक दाखवू शकतो. पण जी आवृत्ती कधी निघालीच नव्हती तिचीच प्रत बनवली तर तुलना कशाशी करणार?

नसलेल्या गोष्टींची यादी

जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड हे दोघे पुस्तकविक्रीच्या धंद्यात होते. पुस्तिका हाताळताना दोघांना वेगवेगळ्या वेळी शंका आली. मग एकत्र येऊन त्यांनी आधी एक साधी गोष्ट केली. काय असायला हवे होते आणि ते नाही, याची त्यांनी यादी केली.

एलिझाबेथने आपली सुनीते १८४७ मध्ये छापली असती तर तिने एखादी प्रत मित्राला सही करून दिली असती. तशी एकही प्रत नव्हती. तिच्या किंवा मैत्रिणीच्या पत्रांत पुस्तिकेचा उल्लेख नव्हता. चाळीस-पन्नास वर्षांत कोणीतरी ती इतर कागदांबरोबर बांधून घेतली असती. जुन्या बांधणीतली प्रत नव्हती. १८८०च्या दशकाआधीच्या लिलावांत अशा पुस्तिकांचा पत्ता नव्हता. उलट बाजारात येणाऱ्या प्रती कोऱ्या करकरीत, न कापलेल्या कडांच्या, जणू काल छापखान्यातून आणल्या असाव्यात अशा.

हे सगळे संशय वाढवणारे होते. पण एवढ्याने गोष्ट सिद्ध होत नाही. 'सापडले नाही' म्हणजे 'नव्हतेच' असे म्हणता येत नाही. त्यांना असा पुरावा हवा होता ज्यापुढे वाद संपेल.

कागदाची साक्ष

तो पुरावा कागदात होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमध्ये छपाईचा कागद सुती आणि तागाच्या चिंध्यांपासून बनत असे. वर्तमानपत्रे आणि पुस्तके वाढली तशा चिंध्या अपुऱ्या पडू लागल्या. मग स्पेन आणि उत्तर आफ्रिकेतले एस्पार्टो नावाचे गवत वापरात आले. त्यानंतर रसायनांत शिजवलेला लाकडाचा लगदा आला. कार्टर-पोलार्ड यांनी कागद उद्योगाचा इतिहास तपासून दोन सीमा ठरवल्या. इंग्लंडमध्ये छापलेल्या पुस्तकाच्या कागदात एस्पार्टो असेल तर ते १८६१ च्या आधीचे नाही. रासायनिक लाकूड-लगदा असेल तर ते १८७४ च्या आधीचे नाही.

कागदातले तंतू ओळखणे अवघड नाही. कापसाचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पीळ पडलेल्या फितीसारखा दिसतो. तागाच्या तंतूवर बांबूसारखी पेरे दिसतात. एस्पार्टोबरोबर स्वल्पविरामासारखी बारीक लव येते. सूचिपर्णी झाडांच्या लाकडाचे तंतू रुंद असतात आणि त्यांच्यावर गोल खळग्यांच्या रांगा दिसतात. शिवाय झिंक क्लोराइड आणि आयोडीनच्या द्रावणाने चिंध्यांचे तंतू लालसर, रासायनिक लगद्याचे निळे-जांभळे आणि नुसत्या वाटलेल्या लाकडाचे पिवळे होतात. तपासणीचे काम झाले ते क्रॉस आणि बेव्हन यांच्या नावाच्या प्रयोगशाळेत. सेल्युलोजपासून व्हिस्कोज बनवण्याची कृती १८९२ साली शोधणारे ते हेच क्रॉस आणि बेव्हन.

१८४७ सालच्या म्हणवल्या जाणाऱ्या सुनीतांच्या पुस्तिकेत रासायनिक लाकूड-लगदा निघाला. छापलेल्या सालानंतर निदान सत्तावीस वर्षांनी तयार होऊ लागलेला कागद! इतर अनेक पुस्तिकांचीही हीच गत झाली.

इथे एक तर्कशास्त्रीय बारकावा आहे. १८४७ चे साल असलेल्या पुस्तिकेत लाकडाचा लगदा सापडला तर ती नक्की बनावट. पण चिंध्यांचा कागद सापडला म्हणून ती अस्सल ठरत नाही, कारण चिंध्यांचा कागद नंतरही मिळत होता. चाचणी एका बाजूनेच निर्णायक आहे. विज्ञानातल्या कितीतरी चाचण्या अशाच असतात.

खिळ्यांची साक्ष

कागदाने वेळ सांगितली, पण जागा सांगितली नाही. ती खिळ्यांनी सांगितली. खिळे जुळवून छापणारे छापखाने आपल्याकडेही काही दशकांपूर्वीपर्यंत गावोगाव होते. इंग्रजी 'एफ'चा वरचा आकडा आणि 'जे'ची शेपटी खिळ्याच्या अंगाबाहेर डोकावत असे आणि दाबाने मोडत असे. म्हणून पुढे हे भाग अंगातच बसतील अशी अक्षरे पाडली गेली. पुस्तिकांपैकी बऱ्याच या नव्या अक्षरांत छापलेल्या होत्या, आणि ती अक्षरे १८८०च्या सुमाराची होती. त्यातही त्यांच्यातले प्रश्नचिन्ह वेगळ्याच वळणाचे, दुसऱ्या संचातून आलेले होते. हा मेळ कोणत्या छापखान्यात होता?

उत्तर मिळाले ते एका सरळमार्गी पुस्तकातून. मॅथ्यू आर्नल्डच्या एका जुन्या कवितेची प्रतिकृती वाइजने १८९३ साली उघडपणे छापून घेतली होती. तिच्यावर रिचर्ड क्ले यांच्या छापखान्याचे नाव होते. अक्षरे तीच आणि प्रश्नचिन्हही तेच. छापखान्याला दोष देता येत नव्हता. जुन्या पुस्तकांच्या प्रतिकृती करून देणे हे त्यांचे नेहमीचे काम होते आणि प्रतिकृतीवर जुने साल असणारच.

आता प्रश्न उरला बाजाराचा. वाइजच्याच कचेरीत पूर्वी पोऱ्या म्हणून काम केलेला आणि पुढे पुस्तकविक्रेता झालेला हर्बर्ट गॉर्फिन याच्याकडे या पुस्तिकांचा साठा होता. तो आपण वाइजकडूनच विकत घेतला, असे त्याने सांगितले.

कार्टर आणि पोलार्ड यांनी पन्नासच्या आसपास पुस्तिका तपासून १९३४ साली आपले पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात 'वाइजने खोटेपणा केला' असे वाक्य कुठेही नाही. त्यांनी फक्त पुरावे मांडले. निष्कर्ष वाचकाला काढता येत होता. वाइजने या पुस्तिका आपल्याला हॅरी बक्स्टन फोरमन याच्याकडून मिळाल्याचे सांगितले. कीट्स आणि शेली यांच्या साहित्याचा संपादक म्हणून गाजलेला फोरमन १९१७ सालीच वारला होता. १९३७ मध्ये वाइजही वारला आणि त्याचा संग्रह ब्रिटिश म्युझियमने ६६,००० पौंडांना घेतला. पुढे १९४५ साली दोघांमधली टिपणे छापली गेली तेव्हा फोरमनही या उद्योगात सामील होता हे दिसून आले. १९५९ साली डेव्हिड फॉक्सन या ग्रंथपालाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. जुन्या नाटकांच्या ब्रिटिश म्युझियममधल्या प्रतींतून दोनशेहून अधिक पाने चोरीला गेली होती आणि त्यांतली कितीतरी वाइजच्या हातून विकल्या गेलेल्या किंवा त्याच्या स्वतःच्या प्रतींत लावलेली होती.

नुकसान कोणाचे?

श्रीमंतांचे पैसे गेले यापेक्षा मोठे नुकसान अभ्यासाचे झाले. खोटी पुस्तिका ब्रिटिश म्युझियममध्ये गेली, तिथून सूचीत, सूचीतून चरित्रात, चरित्रातून पाठ्यपुस्तकात. प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीचा हवाला होता, आणि सगळे हवाले शेवटी एकाच माणसापाशी जाऊन थांबत होते. ज्याने माल बनवला त्यानेच तो अस्सल असल्याचे प्रमाणपत्र दिले होते. दहा ग्रंथांत एकच गोष्ट सांगितली म्हणजे दहा पुरावे झाले असे नाही. ते दहाही एकाच ठिकाणाहून उतरवलेले असले तर पुरावा एकच.

वर्गात करून पाहा

सूक्ष्मदर्शक असेल तर कापसाचा बोळा आणि पाण्यात कुस्करलेले वर्तमानपत्र यांचे तंतू शेजारी ठेवून पाहता येतील. वर्तमानपत्राचा आणि चांगल्या वहीचा कागद निम्मा पुठ्ठ्याने झाकून आठवडाभर उन्हात ठेवा. वर्तमानपत्राचा उघडा भाग पिवळा पडेल, कारण त्यात लाकडातले लिग्निन शिल्लक असते.

साधनेच नसतील तर शाळेच्या ग्रंथालयातली जुनी मराठी पुस्तके काढा. सालाचे पान झाकून मुलांना वय ओळखू द्या. किंमत आणे-पै मध्ये आहे की नव्या पैशांत? नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून आले. पत्त्यात 'महाराष्ट्र राज्य' असेल तर पुस्तक १ मे १९६० नंतरचे धरायला हरकत नाही. पिनकोड असेल तर ते १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचे असू शकत नाही. मात्र पिनकोड नसला तर काय ठरते? काहीच नाही. कागदाच्या चाचणीतला बारकावा इथे मुलांना आपोआप सापडेल. शेवटी झाकलेले साल उघडा आणि ताळा करून पाहा. मेळ बसला नाही तर अधिकच चांगले. त्या दिवशीचा तास खरा रंगेल.