प्लॉट, फ्लॅट की भाड्याच्या खोल्या? शहरात पैसे गुंतवण्याआधी गावकऱ्यांनी तपासायच्या गोष्टी

छत्रपती संभाजीनगर : ‘क्रांती चौकापासून फक्त २० मिनिटांवर, एनए प्लॉट, सुलभ हप्ते, आजच बुकिंग करा!’ असा मेसेज तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला असेल. कापूस, आल्याचे चार पैसे हातात आले, भूसंपादनाचा मोबदला मिळाला किंवा घरातलं कुणी निवृत्त झालं, की शहरात एखादी जागा घेऊन ठेवू असा विचार घरोघर होतो. विचार चुकीचा नाही. पण शेत विकून किंवा मोबदल्याच्या पैशातून घेतलेली जागा कागदात अडकली, तर शेतही जातं आणि जागाही हाती येत नाही. म्हणून इसार देण्याआधी काय बघायचं, ते इथे क्रमाने दिलं आहे. लेख जपून ठेवा, घरात वाचून दाखवा.

आधी ठरवा : कशासाठी घेताय?

जागा घेण्याची कारणं तीन असतात. मुलांच्या शिक्षणासाठी किंवा पुढे राहायला, दरमहा भाडं मिळावं म्हणून, किंवा भाव वाढल्यावर विकायला. तिन्हींसाठी एकच जागा चालत नाही.

राहायला घ्यायचं असेल तर शाळा, दवाखाना, रस्ता आणि पाणी बघा. भाड्यासाठी घ्यायचं असेल तर भाडेकरू कुठे काम करतो ते बघा. वाळूज एमआयडीसीतले कामगार बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, पंढरपूर, जोगेश्वरी या भागात खोल्या शोधतात. शेंद्रा, चिकलठाण्याचे कामगार त्या बाजूला राहतात. भाव वाढेल म्हणून घ्यायचं असेल तर किती वर्षं पैसे अडकून चालतील ते आधी ठरवा.

‘ऑरिक’ या शेंद्रा-बिडकीन औद्योगिक शहराचा पसारा सुमारे १० हजार एकरांचा आहे. टोयोटा-किर्लोस्करने २०२४ मध्ये बिडकीनच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. तेव्हापासून पैठण रोडच्या प्रत्येक प्लॉटच्या जाहिरातीत हे नाव दिसतं. पण करार झाला म्हणजे उद्या कारखाना सुरू झाला असं नसतं, आणि कारखाना सुरू झाला तरी दहा किलोमीटरवरच्या माळरानात भाडेकरू येईलच असंही नसतं. मोठ्या प्रकल्पाचं नाव ऐकून भाव देऊ नका. त्या प्लॉटला आज रस्ता, वीज, पाणी काय आहे ते बघून भाव द्या.

एक गुंठ्याचा प्लॉट : सगळ्यात जास्त पैसे इथेच अडकतात

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. एका घराला पुरेशी जागा, आणि भावही आवाक्यातला. म्हणून शेतात चुना मारून पाडलेले गुंठे हातोहात विकले जातात.

तुकडेबंदी कायदा १९४७ चा आहे. ठरलेल्या प्रमाणापेक्षा लहान शेतजमिनीचा तुकडा या कायद्यामुळे विकता येत नाही. २०२३ च्या अधिसूचनेनुसार जिरायतीसाठी ही मर्यादा २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे आहे. म्हणून शेतातला एक गुंठा घेतला की सातबाऱ्यावर तुमचं स्वतंत्र नाव लागायला अडचण येते. मग विकणारा म्हणतो, ‘बाँडवर करून घेऊ, नोटरी करू, पुढे सरकार नियमित करतंच.’

सरकारने वेळोवेळी नियमित केलं, हे खरं आहे. गुंठेवारी कायदा २००१ मध्ये आला. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीलाही दार उघडलं. आपल्या शहरात शंभराहून जास्त वसाहती गुंठेवारीच्या आहेत. त्यानंतर २०२५ मध्ये अध्यादेश काढून १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले तुकड्यांचे व्यवहार, ठरलेल्या क्षेत्रांत, विनाशुल्क नियमित करायची सोय झाली. पण तारीख नीट वाचा. ही सवलत झालेल्या व्यवहारांसाठी आहे. आज नव्याने पाडलेला गुंठा त्यात बसत नाही. ‘पुढे होईल’ या भरवशावर आज पूर्ण भाव देऊ नका.

हे कागद मागा, आणि स्वतः तपासा

विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका. बहुतेक कागद मोबाइलवर निघतात.

१. सातबारा आणि ८-अ : महाभूलेखवर मोफत बघता येतो, डिजिटल सहीचा सातबारा थोड्या शुल्कात मिळतो. विकणाऱ्याचं नाव, क्षेत्र आणि ‘इतर हक्क’ रकाना वाचा. बँकेचा बोजा, कुळ, वारस, न्यायालयाचा मनाई हुकूम याच रकान्यात सापडतो.

२. भूधारणा वर्ग : वर्ग १ असेल तर ठीक. वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय विकता येत नाही. मराठवाड्यात निजामकाळापासूनच्या इनाम जमिनी बऱ्याच आहेत. मदतमाश, खिदमतमाश, देवस्थान, वक्फ यातला कोणताही शब्द जुन्या उताऱ्यावर दिसला तर वकिलाला विचारल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. गायरान जमीन तर कुणालाच विकता येत नाही.

३. फेरफार : जमीन आताच्या मालकाकडे कशी आली ते फेरफारावरून कळतं. वारसाने आली असेल तर सगळे वारस बघा. बहिणींची नावं आहेत का? २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. बहिणीची सही नसलेलं खरेदीखत दहा वर्षांनी कोर्टात उभं राहतं.

४. एनए आदेश आणि मंजूर ले-आऊट : ‘एनए होणार आहे’ आणि ‘एनए झालं आहे’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ले-आऊट कुणी मंजूर केला ते विचारा. हद्दीनुसार महापालिका, महानगर प्रदेश विकास प्राधिकरण किंवा सिडको असं वेगवेगळं कार्यालय असतं. नकाशावर शिक्का आणि क्रमांक असतो. तो घेऊन त्याच कार्यालयात खात्री करा.

५. मोजणीची ‘क’ प्रत : भूमी अभिलेख कार्यालयाने केलेली मोजणी. कागदावरचा प्लॉट आणि जागेवरचा प्लॉट एकच आहे का, हे यातूनच कळतं.

६. सर्च रिपोर्ट : वकिलाकडून ३० वर्षांचा शोध घ्या. तीच जागा आधी कुणाला विकली किंवा गहाण ठेवली आहे का, ते यात निघतं. वकील तुमचा असावा, विकणाऱ्याचा नको.

आणखी एक. वाळूज पट्ट्यात आणि शहरालगतच्या गावांत घरं नुसत्या ग्रामपंचायतीच्या ‘नमुना ८’ वर विकली जातात. नमुना ८ ही घरपट्टीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. वीजबिल आणि घरपट्टीची पावतीही मालकी देत नाही. त्या घराखालची जमीन कुणाची, हे सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डवरच बघा.

बाँड, नोटरी, मुखत्यारपत्र

जागेची मालकी फक्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या खरेदीखताने मिळते. बाँडवर लिहून नोटरी केली म्हणजे जागा नावावर होत नाही. मुखत्यारपत्रावर झालेल्या ‘विक्री’ने मालकी बदलत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलं आहे.

इसार द्यायचा तर बँकेतून द्या. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं आयकर कायद्याने मना आहे. शिवाय व्यवहार फिसकटला तर रोख दिल्याचा पुरावा कुठून आणणार? ५० लाख किंवा त्यापुढच्या खरेदीत १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची असते.

बिल्डरकडून घेत असाल तर

जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि घरं आठपेक्षा जास्त असतील, तर प्रकल्पाला महारेरा नोंदणी लागते. प्लॉटिंगलाही हाच नियम आहे. जाहिरातीवरचा क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर टाकून बघा. मंजूर नकाशा, पूर्ण करायची तारीख, जमिनीवरचं कर्ज, चालू दावे, सगळं तिथे दिसतं. एजंटलाही महारेरा नोंदणी लागते.

करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर दुरुस्ती त्याने स्वखर्चाने करायची असते. ताबा घेताना भोगवटा प्रमाणपत्र मागाच.

रस्त्यावरचं दुकान, रस्त्यात जाणारं घर

मुख्य रस्त्यालगतची जागा म्हटलं की आपण खूश होतो. पण २०२५ च्या जून-जुलैमध्ये महापालिकेने मुकुंदवाडी, पैठण रोड, पडेगाव-मिटमिटा अशा भागांत रुंदीकरणासाठी मोठी पाडापाडी केली, हे आपण बघितलंच. म्हणून विकास आराखड्यात तिथे रस्ता, उद्यान किंवा दुसरं आरक्षण आहे का, हे विचारा. झोन दाखला किंवा भाग नकाशा नगररचना विभागाकडून मिळतो. ‘समोर ८० फुटी रस्ता होणार’ असं एजंट सांगतो, तेव्हा तो रस्ता तुमच्याच प्लॉटमधून तर जात नाही ना, ते बघा.

पाण्याचंही तसंच. जायकवाडी जवळ असलं तरी शहरात बऱ्याच भागांत नळाला रोज पाणी येत नाही. घेण्याआधी उन्हाळ्यात एक फेरी मारा. बोअर किती खोल आहे, टँकर किती लागतात, हे शेजाऱ्याला विचारा. शेजारी खरं सांगतो.

हिशोब मांडून बघा

समजा शहरात २५ लाखांचा तयार फ्लॅट घेतला. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क आणि अधिभार मिळून साधारण ६ टक्के, म्हणजे दीड लाख. नोंदणी फी १ टक्का (कमाल ३० हजार), म्हणजे २५ हजार. वकील, रंगकाम, मीटर धरून आणखी २५ हजार. एकूण २७ लाख. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, म्हणजे इथे २५ हजार वाचतात.

समजा भाडं ७ हजार. वर्षात एक महिना घर रिकामं धरा, म्हणजे ७७ हजार. त्यातून घरपट्टी, सोसायटी, दुरुस्तीचे १७ हजार वजा. हाती राहिले ६० हजार. २७ लाखांवर हे जेमतेम सव्वादोन टक्के झाले. बँकेची ठेव यापेक्षा जास्त देते. म्हणजे फ्लॅटमधली खरी कमाई भाव वाढण्यावरच अवलंबून आहे.

आता कर्ज काढून बघा. २० लाख, ९ टक्के, २० वर्षं, तर हप्ता सुमारे १८ हजार. भाड्याचे निव्वळ ५ हजार वजा केले तरी दरमहा १३ हजार खिशातून. शेतकऱ्याचा पैसा हंगामाला येतो, हप्ता दर महिन्याला जातो. म्हणून किमान सहा हप्त्यांची रक्कम बाजूला ठेवल्याशिवाय कर्ज काढू नका. ९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीए होतं आणि पुढे जप्तीची नोटीस येते.

प्लॉटचाही हिशोब करा. १० लाखांचा प्लॉट खर्चासह १०.७० लाखांना पडतो. तेच पैसे ७ टक्क्यांनी ठेवले तर पाच वर्षांत १५ लाख होतात. म्हणजे पाच वर्षांनी प्लॉट १५ लाखांच्या वर गेला, आणि त्या भावाने गिऱ्हाईक मिळालं, तरच फायदा.

बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो. ४५ लाखांपर्यंतच्या आणि ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंतच्या घराला १ टक्का, बाकीच्यांना ५ टक्के. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर विकलेल्या घराला जीएसटी नाही.

भाड्याने देताना

‘११ महिन्यांचा करार आहे, नोंदवायची गरज नाही’ हा गैरसमज आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी ऑनलाइन होते. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स असेल तर मुदत संपल्यावर घर रिकामं करून घेणं सोपं जातं. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या. कामगारांना खोल्या देत असाल तर बांधकाम परवानगी, संडास आणि पाण्याची सोय आधी करा.

भावकी आणि मित्रांमध्ये मिळून घेताना

दोघा-चौघांनी मिळून प्लॉट घेणं आपल्याकडे नेहमीचं आहे. पण खरेदीखतात सगळ्यांची नावं आणि प्रत्येकाचा हिस्सा लिहा. ‘सध्या दादाच्या नावावर करू’ म्हणून केलेला व्यवहार दादा आहे तोवर ठीक असतो. पुढच्या पिढीला तोंडी शब्द माहीत नसतो.

इसार देण्याआधी शेवटची उजळणी

- जागा स्वतः पाहिली, शेजाऱ्यांशी बोललो, मोजणी जुळली.
- सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड स्वतः काढलं, वर्ग १ आहे, बोजा नाही.
- सगळ्या वारसांच्या, बहिणींच्याही, सह्या मिळणार आहेत.
- एनए, ले-आऊट, विकास आराखडा संबंधित कार्यालयात तपासला.
- महारेरा क्रमांक लागू असेल तर संकेतस्थळावर सापडला.
- आपल्या वकिलाचा सर्च रिपोर्ट हातात आहे.
- पैसे बँकेतून जाणार, व्यवहार नोंदणीकृत होणार.
- बागायती शेत विकावं लागत नाही, सहा महिन्यांचा खर्च शिल्लक आहे.

यातल्या एकाही ओळीपुढे ‘नाही’ आलं तर थांबा. ‘आज नाही केलं तर उद्या दुसरा घेईल’ असं कुणी म्हणालं, तर दुसऱ्याला घेऊ द्या. खरेदीखत झाल्यावर मात्र थांबू नका. फेरफाराला अर्ज टाका आणि सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डवर आपलं नाव लागलेलं डोळ्यांनी बघा. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण काम तेच आहे. नाव लागेपर्यंत व्यवहार पूर्ण झाला असं समजू नका.