तारेच्या आधीचा उजेड

तंबूतल्या सिनेमाची खबर गावाला आधी कानांनी कळायची. सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या जत्रेत ट्रक येऊन थांबला, की पडद्याच्या आधी इंजिन उतरायचं. ते तंबूपासून जरा लांबच मांडत, नाहीतर नायिकेच्या गाण्यात त्याचीच धडधड मिसळायची. पट्ट्यावर डायनॅमो फिरे, त्या विजेवर प्रोजेक्टरमधल्या कार्बनच्या कांड्या पेटत आणि दारावरचे चार बल्बही लागत. गावात अजून एक खांब नसला तरी जत्रेपुरती वीज यायची आणि जत्रेबरोबरच निघून जायची. या तंबूंच्या अखेरच्या दिवसांवरचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ साली कानच्या चित्रपट महोत्सवात पोहोचला. तोवर इंजिनं भंगारात चालली होती.

त्याही आधी मान होता गॅसबत्तीचा. जर्मनीतला पेट्रोमॅक्स इथे वरातीत शिरला आणि डोक्यावर बत्ती घेऊन चालणं ही मजुरी झाली. नवरदेव घोड्यावर, आणि त्याला दिसता ठेवणारी माणसं अंधारात.

१९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ आलं, पाठोपाठ कोयनेची वीज. पण गाव ‘विद्युतीकृत’ ठरवायची व्याख्या मोठी सोयीची होती. १९९७ पर्यंत देशभर नियम असा, की महसुली हद्दीत कुठेही, कशासाठीही वीज वापरली की झालं. शिवारातल्या एका विहिरीवर मोटार चालली, की कागदावर अख्खं गाव उजळे. वस्तीवरचा कंदील रोज संध्याकाळी पुसावा लागे, तो लागेच. २००४ मध्ये निदान दहा टक्के घरं आणि शाळा-पंचायतीसारख्या जागा अशी अट घातली गेली. तरी दहातली नऊ घरं अंधारात ठेवून गाव उजळलेलं राहू शकत होतंच!

मग तारा आल्या आणि वीज गेली. २००५ नंतरच्या भारनियमनात ग्रामीण भागात तासन् तास लाइट नसे. शेतकरी थ्री फेजची वाट बघत रात्री-अपरात्री पाणी द्यायला निघे. सोलापूर शहरात टॉवेल-चादरींचे यंत्रमाग थांबत. नगावर मजुरी मिळवणाऱ्या कामगाराला थांबलेला माग म्हणजे बुडालेला रोज. तंबूबरोबर गेलेलं इंजिन आता जनरेटर होऊन लग्नाच्या मांडवामागे, दवाखान्याच्या बोळात आणि दुकानाच्या पायरीवर परतलं.

गंमत अशी, की याच जिल्ह्याच्या वाट्याला पुढे देशाचा सांधा आला. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या भारताशी एका लयीत जोडलं गेलं. सोलापूरजवळच एनटीपीसीचे ६६० मेगावॉटचे दोन संच २०१७ आणि २०१९ मध्ये चालू झाले.

आषाढीला मात्र जुनीच रीत. माउलींची पालखी धर्मपुरीला जिल्ह्यात शिरते. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम करते. लाखोंचं हे गाव एका रात्रीचं, म्हणून वीजही बहुतेक एका रात्रीची. महावितरणचे वायरमन आधीपासून तळावर तात्पुरत्या जोडण्या टाकतात, रोहित्रं तपासतात. शेजारी डिझेलचा जनरेटर तयार असतो. पहाटे पालखी हलते, वारकरी राहुट्या सोडतात आणि मागे राहिलेला वायरमन केबलची वेटोळी खांद्यावर घेऊन टेम्पोकडे चालू लागतो.